नेसमुकची शिदोरी

१८८३ सालच्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस पसरलेल्या ॲडिरॉन्डॅक नावाच्या अरण्यात एक वृद्ध गृहस्थ एकटाच होडी घेऊन शिरला. वयाची एकसष्ट वर्षे पुरी झालेली, उंची जेमतेम सव्वापाच फूट, वजन ११० पौंडांच्याही आत, आणि छातीचा विकार असा की चढणीवर धाप लागावी. पेनसिल्व्हेनियातील वेल्सबरो या गावी जोडे शिवून तो पोट भरीत असे. त्याचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. परंतु शिकारीची व मासे धरण्याची हौस असलेला वाचकवर्ग त्यास ‘नेसमुक’ या टोपणनावाने ओळखीत असे. तेथील मूळ रहिवाशांपैकी ज्या एका तरुणाने त्याला बालपणी रानाची ओळख करून दिली, त्याचेच हे नाव त्याने पुढे लेखनासाठी पत्करले. त्या एका उन्हाळ्यात या खंगलेल्या माणसाने २६६ मैलांचा प्रवास केला. बरोबर नोकर नाही, वाटाड्या नाही.

हा प्रवास त्यास साधला कसा, हे समजून घेण्यापूर्वी त्या प्रदेशाची थोडी कल्पना यावयास हवी. ॲडिरॉन्डॅकचे अरण्य म्हणजे लहानमोठ्या सरोवरांची विस्कटून पडलेली माळच होय. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना कोठे ओढा लागतो, कोठे धबधबा, आणि कोठे नुसतीच चिखलाची पायवाट. अशा ठिकाणी होडी पाण्याबाहेर काढून खांद्यावर घ्यावी लागते व मैल-दीड मैल चालून पुढच्या पाण्यात सोडावी लागते. १८६९ साली मरे नावाच्या एका धर्मोपदेशकाने या अरण्याचे बहारीचे वर्णन करणारे पुस्तक लिहिले, तेव्हापासून शहरांतील धनिकांची तिकडे रीघ लागली. हे धनिक तेथील वाटाडे भाड्याने ठेवीत. साठ-सत्तर पौंडांची होडी वाटाड्याच्या खांद्यावर, सामानही त्याच्याच पाठीवर, आणि संध्याकाळी चूल पेटवून मासे तळावयाचे तेही त्यानेच. मालकाने फक्त गळ टाकावयाचा. सीअर्सपाशी वाटाड्यास देण्यापुरता पैसा नव्हता आणि साठ पौंड उचलण्याची ताकद तर मुळीच नव्हती. तेव्हा त्याच्यापुढे दोनच मार्ग होते. अरण्याचा नाद सोडावयाचा, किंवा ओझे आपल्या हाडांना पेलेल इतके उतरवावयाचे. त्याने दुसरा पत्करला.

कॅन्टन गावी जे. हेन्री रश्टन नावाचा होड्या बांधणारा एक कसबी कारागीर होता. १८८० साली त्याने सीअर्ससाठी अठरा पौंडांच्या आतली होडी बांधून दिली. पुढच्या वर्षी सोळा पौंडांची. आणि १८८३ साली देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या पातळ फळ्यांची, नऊ फूट लांबीची, अवघ्या साडेदहा पौंडांची, म्हणजे पावणेपाच किलोंची, एक होडी तयार झाली. लहानसे पोर कडेवर घ्यावे तशी ती उचलता येई. तिचे नाव त्याने ‘सेअरी गॅम्प’ असे ठेवले. डिकन्सच्या कादंबरीत या नावाची एक मद्यासक्त सुईण आहे. ती ज्याप्रमाणे पाण्याला शिवत नाही त्याप्रमाणे आपली होडीही पाणी आत घेत नाही, असा त्यातील विनोद. होडी, अंथरूण-पांघरूण, जादा कपडे, लहान कुऱ्हाड, गळाची काठी, पाठपिशवी आणि खाण्याचे जिन्नस हे सारे मिळून त्याचे ओझे २६ पौंडांच्या वर कधी गेले नाही. हल्लीचे तरुण पाठीवर सामान घेऊन डोंगर हिंडतात, त्यांना बारा किलोंचे ओझे हे काही नवल वाटणार नाही. पण या बारा किलोंत एक होडी होती, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता या हिशेबातील खरी मेख पाहू. त्याच्याजवळचे खाण्याचे जिन्नस किती, तर दोन दिवसांचे. प्रवास मात्र आठवड्यांचा. मधूनमधून अरण्यातील विश्रांतिगृहांत तो उतरे व तेथे शिधाही भरून घेई, हे खरे. परंतु दोन मुक्कामांमध्ये पाऊस लागला, वारा सुटून सरोवर खवळले, किंवा छातीने दगा दिला, म्हणजे दोन दिवसांची शिदोरी पुरणार कशी? ती पुरवावयाची जबाबदारी त्याने पाण्यावर टाकली होती. जो मासा पाण्यात आहे त्याचे वजन पाठीवर घ्यावे लागत नाही. अर्थात पाण्याचे हे देणे बेभरवशाचे. मासा कधी मिळतो, कधी दिवसभर गळ टाकून बसावे तरी मिळत नाही. म्हणून पीठ, मीठ, चहा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा एवढे जवळ असावेच लागे. यांतही चरबीचे महत्त्व विशेष. ओढ्यातला लहान मासा पचावयास हलका खरा, पण शंभर ग्रॅम माशातून शंभर-सव्वाशे कॅलरींपलीकडे उष्मा मिळत नाही. तेवढ्याच चरबीतून आठ-नऊशे मिळतो. दिवसभर वल्हे मारणाऱ्या माणसाचे पोट नुसत्या माशावर भरते, शक्ती भरून येत नाही. पिशवीत जागा थोडी असेल तर तीत काय घ्यावे, याचे उत्तर यातच आले. जे पाण्यात मिळत नाही ते घ्यावे.

त्या पाण्यातला मुख्य मासा म्हणजे तेथील ओढ्यांचा ट्राउट. पाठ हिरवट-काळसर, तिच्यावर वाळवीने लाकूड कोरावे तशी फिकट नक्षी, कुशीवर निळ्या कड्यांत बसविलेले तांबडे ठिपके, आणि पोटाकडील परांना पांढरी किनार. वीतभर लांबीचा मासा म्हणजे तेथे नेहमीचा. यास थंड आणि निर्मळ पाणीच लागते. पाणी तापले की तो तळच्या झऱ्यांकडे जातो. श्रोत्यांपैकी ज्यांच्या स्वयंपाकघरात मासळीस मज्जाव आहे, त्यांनी येथून पुढचा भाग एखाद्या रसायनशाळेतील प्रयोगाचे वर्णन म्हणून ऐकावा. कारण रानातली चूल ही पुष्कळ अंशी तशीच गोष्ट आहे.

मासा पाण्याबाहेर येताच डोक्यावर काठीचा एक नेमका फटका मारून त्याचा प्राण घ्यावा. तडफडू दिलेल्या माशाचे मांस लवकर बिघडते. शिवाय ते क्रौर्यही आहे. त्यानंतर शेपटीकडील छिद्रापासून गळ्यापर्यंत पोट चिरून आतडी काढावीत. पाठीच्या कण्याला लागून काळसर रक्ताची एक रेघ असते, ती अंगठ्याच्या नखाने खरवडून धुवावी. ती राहिली तर कडवटपणा येतो. खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. पोट साफ करण्याचे काम मुक्कामापर्यंत लांबवू नये. थंड पाण्यातल्या माशाचे पाचकरस थंडीतही काम करीत राहतात, आणि मेलेल्या माशाचे पोट ते आतूनच खाऊ लागतात. साफ केलेला मासा ओल्या शेवाळात किंवा नेच्याच्या पानांत गुंडाळून सावलीत ठेवला म्हणजे चार-सहा तास टिकतो. पाण्यात भिजत मात्र ठेवू नये. मांस मऊ पडते.

चुलीच्या बाबतीत नवशिक्याची एक चूक ठरलेली. तो मोठा जाळ करतो. जाळावर तवा धरला की मासा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. सीअर्ससारखे जुने रानकरी शेकावयास एक आणि रांधावयास दुसरी अशी वेगळी चूल करीत. रांधण्याची चूल अगदी लहान. दोन ओले ओंडके जवळजवळ मांडावयाचे, त्यांच्या मधल्या फटीत सुकी लाकडे जाळावयाची, आणि निखारे झाले म्हणजे भांडे त्या ओंडक्यांवरच ठेवावयाचे. लाकूड मेपल, बीच किंवा पिवळ्या बर्चचे असावे, त्याचे निखारे टिकतात. स्प्रूस किंवा हेमलॉक यांसारखी लाकडे तडतडतात, ठिणग्या उडवितात व काजळी धरतात. पावसात चूल पेटवावयाची तर बर्चची साल. ती ओली असली तरी आतल्या तेलामुळे पेट घेते.

तेथील रूढ रीत अशी. खारवलेल्या मांसाचे पातळ काप तव्यात टाकून त्यांची चरबी सुटू द्यावयाची आणि काप बाजूस काढावयाचे. मासा चांगला पुसून कोरडा करावयाचा, मक्याच्या पिठात घोळावयाचा आणि कढलेल्या चरबीत सोडावयाचा. आमच्या कोकणातील गृहिणी तांदळाची पिठी किंवा रवा लावते, त्याचा आणि या मक्याच्या पिठाचा हेतू एकच. पीठ माशाच्या अंगचे पाणी शोषून घेते, मासा तव्यास चिकटत नाही, व वरचे कवच कुरकुरीत होऊन आतला रस आत राहतो. ओला मासा तव्यात टाकणे म्हणजे तळणे नव्हे, उकडणे. आणि तेही वाईट उकडणे. आणखी एक गंमत येथे घडते. नुकताच मारलेला मासा तव्यात टाकला की कमानीसारखा वाकतो व दोन्ही टोके वर उचलतो. शहरातल्या बाजारचा मासा असे कधी करीत नाही, त्यामुळे पाहणारा दचकतो. कारण साधे आहे. त्याच्या स्नायूंतील जोर अद्याप ओसरलेला नसतो व उष्णता लागताच ते आखडतात. कातडीला दोनतीन तिरके काप द्यावेत किंवा तासभर थांबावे. थांबण्याइतका धीर मात्र अशा वेळी फारसा कोणाला उरत नाही. वीतभर माशास एका बाजूला तीन-चार मिनिटे पुरतात. डोळा पांढरा झाला आणि पाठीवरचा पर हलकेच ओढताच निघून आला, म्हणजे मासा शिजला. अर्धकच्चा खाण्याची हौस कोणी करू नये. गोड्या पाण्यातील कित्येक माशांत पट्टकृमींची पिल्ले असतात, आणि ती नीट शिजविल्यानेच मरतात.

सीअर्सच्या हातांना या वेळी माशापेक्षाही उग्र असा दुसराच वास येत असला पाहिजे. ॲडिरॉन्डॅकमधील बारीक काळ्या माश्या व चिलटे यांना वारण्यासाठी त्याने एक लेप तयार केला होता. पाइनचे डांबर ३ औंस, एरंडेल २ औंस आणि पेनिरॉयल नावाच्या पुदिन्यासारख्या वनस्पतीचे तेल १ औंस, असे ते मिश्रण. ते अंगाला चोपडले की धुऊन काढावयाचे नाही, त्याचे पुट चढू द्यावयाचे, हा त्याचा सल्ला. गृहलक्ष्मी बरोबर नसल्याचा एवढा एक फायदा त्याला मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

तवाही नको असे ठरविले तर ओझे आणखी उतरते. मग ओली काठी हाच तवा. काठी माशाच्या तोंडातून कण्याच्या कडेने शेपटीपर्यंत घालावी आणि निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर जमिनीत तिरपी रोवावी. पाठ आधी शेकावी, पोट मागाहून. पोट पातळ असल्याने ते लवकर जळते. मोठा मासा पाठीतून चिरून उघडावा, लाकडाच्या सपाट ढलपीवर खुंट्यांनी ठोकून ती ढलपी विस्तवासमोर उभी करावी. तिसरी रीत मातीची. खवल्यांसह मासा ओल्या चिकणमातीच्या बोटभर थरात लिंपून निखाऱ्यांत पुरावा. माती भाजून कडक झाली की फोडावी, म्हणजे कातडी मातीबरोबर सुटून येते आणि आत पांढरे, वाफाळलेले मांस राहते. आपल्याकडे केळीच्या किंवा हळदीच्या पानात गुंडाळून मासा निखाऱ्यावर भाजतात, तीही याच कुळातली रीत होय, आणि चवीला तिची सर मातीला येणार नाही. काठीच्या बाबतीत मात्र आपल्याकडील हौशी मंडळींना एक इशारा देणे भाग आहे. ओढ्याकाठी कण्हेर पुष्कळ उगवते, तिच्या फांद्या सरळ आणि हाताशी येणाऱ्या असतात. ती विषारी आहे. तिची काठी माशात कदापि घालू नये, व तिचे लाकूड चुलीतही लावू नये.

हल्ली टायटॅनियम नावाच्या धातूची अत्यंत हलकी भांडी निघाली आहेत व पाठपिशवीवाल्यांत त्यांचा फार बोलबाला आहे. वजनाच्या दृष्टीने ती उत्तमच. परंतु हा धातू उष्णता पसरविण्यात मंद. वायूच्या लहान शेगडीची ज्योत जेथे लागते तेथे मासा करपतो, आणि दोन बोटांवर तो कच्चाच राहतो. अशा भांड्यात मासा तळण्याचा हट्ट धरू नये. दोन घोट पाणी, मीठ व थोडे लोणी घालून झाकणाखाली वाफेवर शिजवावा. तळावयाचाच असेल तर ॲल्युमिनियमची तबकडी बरी. ती थोडी जड, पण उष्णता सारखी पसरविते. काही मंडळी तर नुसता ॲल्युमिनियमचा पातळ कागद जवळ बाळगतात. मासा, मीठ आणि चरबी त्यात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवली की झाले. मात्र तो कागद परत घरी आणण्याचे अनेकांना सुचत नाही, व अरण्यातील सुंदर चुलींच्या राखेत त्याचे चुरगळलेले गोळे चमकत राहतात.

हे सारे कौशल्य कितीही असले तरी पाण्यात मासा पाहिजे. सीअर्सच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी त्याच्या अरण्यावर असे संकट आले की ज्याची त्याला कल्पनाही शिवली नसती. त्या अरण्याचे रक्षण व्हावे म्हणून न्यूयॉर्क राज्याने १८८५ साली तेथील सरकारी जमीन राखीव केली होती, आणि ती सदैव रानच राहील अशी तरतूद १८९४ साली राज्यघटनेतही घातली होती. कुऱ्हाडीपासून अरण्य वाचले. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडील वीजनिर्मितीच्या कारखान्यांच्या धुरातून आलेले गंधकाचे व नत्राचे आम्ल पावसाबरोबर त्या सरोवरांत उतरू लागले. तेथील खडक असा की त्यात आम्ल मारणारा चुना नाही. पाणी आंबट झाले, मातीतील ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात आले, माशांच्या कल्ल्यांना ते बाधले, आणि शेकडो सरोवरे माशांवाचून ओस पडली. दिसावयास तीच सरोवरे; उलट पाणी पूर्वीपेक्षा अधिकच नितळ, कारण त्यात जिवंत असे फारसे उरलेच नव्हते. अशा काठावर दोन दिवसांची शिदोरी घेऊन येणारा सीअर्स तिसऱ्या दिवशी उपाशी राहिला असता. १९९० साली अमेरिकेने हवेच्या शुद्धीचा कायदा कडक केला, धुरातील आम्ल उतरले, आणि पुढे काही सरोवरांत ट्राउट पुन्हा वाढू लागला. सर्वच सरोवरे अद्याप सुधारलेली नाहीत.

ट्राउट पाहावयास मराठी माणसास अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. १९०० साली विलायतेहून या कुळातील तपकिरी माशाची अंडी काश्मीरमध्ये आणण्यात आली, आणि १९०९ च्या सुमारास कुलूच्या खोऱ्यातही तो सोडण्यात आला. हिमालयात पाठपिशव्या घेऊन जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुणांनी तेथील मत्स्यखात्याचा परवाना काढून गळ टाकावा, व नेसमुकची रीत करून पाहावी. सह्याद्रीत मात्र हा प्रयोग जपून करावयास हवा. येथे पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी मासे ओढ्यांतून वर चढतात. त्या चढणीच्या माशांची चव नावाजलेली आहे, व ते धरण्यास पाटीसुद्धा पुरते. परंतु अंड्यांनी भरलेली मादी धरणे म्हणजे पुढल्या वर्षाचा मासा याच वर्षी खाणे. ज्या कातकऱ्याचे घर त्या ओढ्यावर चालते त्याची गोष्ट निराळी. ज्याच्या पिशवीत भाकरी आहे आणि ज्याला रविवारी रात्री घरी परतावयाचे आहे, त्याने त्या दिवसांत गळ घरीच ठेवावा.

सीअर्सने आपला अनुभव १८८४ साली ‘वुडक्राफ्ट’ नावाच्या छोट्या पुस्तकात मांडला. पाठीवरचे ओझे कमी करू पाहणाऱ्यांसाठी ते लिहिलेले असून, अरण्यात हाल सोसण्यासाठी जावयाचे नसते हा त्यातील मुख्य रोख आहे. १ मे १८९० रोजी वेल्सबरो येथे त्याचा अंत झाला. सेअरी गॅम्प होडी पुढे स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेली, आणि ज्या सरोवरांतून ती हिंडली त्यांच्याजवळच, ब्लू माउंटन लेक येथील संग्रहालयात, ती लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली.